मूल कुणाच्या रिटर्नवर?

आम्ही तिघं एका घरात राहतो आणि सरकारकडे आमची रिटर्न दोन जातात. मी, माझा जोडीदार आणि आमची लेक. गाव सॅन अँटोनिओ, टेक्सस. आमचं लग्न झालेलं नाही आणि करायचंही नाही. माझं एक करून झालंय. त्या लग्नामुळेच मी मिरजेहून इथे आले, त्यातूनच ग्रीन कार्ड मिळालं, पुढे नागरिकत्वही आलं आणि मग ते लग्न कोर्टात संपलं. त्यामुळे ‘अगं, कागदांसाठी तरी लग्न करून टाका’ असं सांगणाऱ्यांना माझं उत्तर सोपं असतं. कागद आहेत.

जोडीदार टेक्ससमध्येच जन्मलेला, आजी-आजोबा मेक्सिकोतून आलेले. लोकांच्या स्वयंपाकघरातली कपाटं तो बनवतो आणि बसवतो. स्वतःचा धंदा, एक पिकअप ट्रक, भाड्याची एक शेड. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. माझा पगार ठरल्या तारखेला खात्यात येतो. त्याच्याकडे कधी दोन कामं एकदम, तर कधी महिनाभर सगळं थंड. 2024च्या सुरुवातीला लेक झाली. पुढच्या वर्षी रिटर्न भरायची वेळ आली तेव्हा प्रश्न उभा राहिला, की हिला दाखवायचं कुणाच्या रिटर्नवर?

मिरजेत वाढलेल्या माणसाला हा प्रश्न मुळात समजायलाच वेळ लागतो. आपल्याकडे नवऱ्याचं रिटर्न वेगळं, बायकोचं वेगळं. पाच वर्षं झाली असोत की पन्नास, प्राप्तिकराला तुमच्या लग्नाशी फारसं देणंघेणं नसतं. अज्ञान मुलाच्या नावावर व्याजबिज असेल तर ते आई-बापांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात मिळवतात. लग्न टिकलेलं नसेल तर मूल जो सांभाळतो त्याच्यात. बस, एवढंच. इथे मात्र फॉर्मच्या पहिल्याच पानावर तुम्ही कोण ते सांगावं लागतं. सिंगल, विवाहित एकत्र, विवाहित वेगळे, हेड ऑफ हाउसहोल्ड, किंवा जोडीदार वारल्यानंतरच्या काही वर्षांसाठीचा पाचवा प्रकार. करमाफीची रक्कम, कराचे टप्पे, सगळं या एका खुणेवर ठरतं. ठरवायचा दिवस 31 डिसेंबर. माझ्या घटस्फोटाचा हुकूम डिसेंबरात हातात पडला होता, तर जवळजवळ सबंध वर्ष विवाहित असूनही त्या वर्षापुरती मी अविवाहित ठरले होते. तेव्हा बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

टेक्ससला राज्याचा वेगळा प्राप्तिकर नाही, म्हणून आमचं सगळं भांडण फक्त फेडरलशी.

2025च्या फेब्रुवारीत आम्ही आधी रस्त्यावरच्या एका दुकानात गेलो. जानेवारी लागला की अशी दुकानं उघडतात, एप्रिलची 15 तारीख गेली की ओस पडतात. तिथल्या माणसाने आमचे कागद वरवर चाळले आणि म्हणाला, दोघांनाही हेड ऑफ हाउसहोल्ड टाकतो, मूल एकाकडे दाखवू, दोघांचाही कर कमी होईल. मी विचारलं, एका घरात दोन प्रमुख कसे? त्याने खांदे उडवले. सगळे असंच करतात, म्हणाला. आम्ही कागद उचलले.

हेड ऑफ हाउसहोल्ड म्हणजे अविवाहित माणूस, ज्याच्या घरात त्याचं मूल वर्षातला निम्म्याहून जास्त काळ राहिलं आणि ज्याने ते घर चालवण्याचा निम्म्याहून जास्त खर्च स्वतः केला. घरात दोनच कमावते असतील तर निम्म्याहून जास्त खर्च दोघांनी कसा करावा, हे त्या दुकानदाराचं त्यालाच ठाऊक. फरक मात्र डोळ्यांत भरण्यासारखा असतो. 2024साठी सिंगल माणसाला 14,600 डॉलरची सरसकट वजावट होती, हेड ऑफ हाउसहोल्डला 21,900.

तेव्हा आई आमच्याकडे होती. बाळंतपणासाठी आलेली, मुक्काम वाढवून राहिलेली. रात्री लेक झोपल्यावर मी प्राप्तिकर खात्याची 501 नंबरची पुस्तिका उघडली. तिच्यात घरखर्चाचा एक तक्ता आहे: काय धरायचं, काय नाही, एका रकान्यात तुम्ही भरलेलं, दुसऱ्यात एकूण. आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी बसलो, बँकेची स्टेटमेंटं आणि किराण्याच्या पावत्या घेऊन.

घरभाडं धरायचं. महिन्याला 1,650, ते माझ्या खात्यातून जातं. वीज, गॅस, पाणी धरायचं. ते तो भरतो. दुरुस्त्या धरायच्या. घरात खाल्लेलं अन्न धरायचं, बाहेर जाऊन खाल्लेलं नाही. म्हणजे इंडियन स्टोअरमधून आणलेलं ज्वारीचं पीठ आत, रविवारी खाल्लेले टाको बाहेर. कपडे नाहीत. डॉक्टर, औषधं नाहीत. सहल नाही. गाडी नाही. विमा घराचा असेल तर हो, आयुष्याचा नाही. एकेक ओळ मी वाचत होते आणि त्याचा रकाना आक्रसत होता. त्याचा खर्च ट्रक, डिझेल, लेकीची औषधं, कपडे, गाडीतली तिची सीट अशा ठिकाणी होतो, आणि यातलं काही म्हणजे काही घर चालवण्यात मोडत नाही.

‘आणि पाळणा?’ त्याने विचारलं.

लेकीचा पाळणा त्याने स्वतः केला होता. ओकचं लाकूड, एकही खिळा नाही, सगळे सांधे खाचेत खाच बसवलेले. रात्री शेडमध्ये थांबून कित्येक आठवडे त्यावर राबला होता. पुस्तिकेत त्याचंही उत्तर होतं: तुम्ही किंवा घरातल्या कुणी केलेल्या कामाची किंमत धरायची नाही. मी वाचून दाखवलं. तो गप्प बसला, मग म्हणाला, असा पाळणा गिऱ्हाइकाला विकला असता तर मी दीड हजार घेतले असते.

आईने विचारलं, काय चाललंय? मी मराठीत समजावून सांगितलं. तिने शांतपणे हिशोब मांडला: रोज बाळाची मालिश, शेक, आंघोळ, तुमचा दोन वेळचा स्वयंपाक, डिंकाचे लाडू, शिवाय तू ड्यूटीवर गेल्यावर दिवसभर पोर सांभाळणं. ‘ह्याचं काय धरलंय तुमच्या सरकारनं?’

‘काही नाही.’

‘मग मिरजेचं सरकार बरं,’ आई म्हणाली. तिच्या रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख तीच आहे. अन्नसुरक्षा कायद्याने 2013पासून घरातली थोरली बाई प्रमुख धरतात, कमवो न कमवो. बाबा हयात असतानाही कार्डावर तीच वरती होती, आणि याचा तिला अजून अभिमान आहे.

शेवटी बेरीज झाली. घराचा वर्षाचा खर्च साधारण 30,600, त्यातले माझे एकवीस हजार. प्रमुख झालेच तर मीच होणार, तो होऊ शकत नव्हता. त्याला वाईट वाटलं, दिसत होतं. आम्ही एकत्र राहायला लागलो तेव्हा भाडं मी द्यायचं आणि बाकीचं त्याने, हे सोयीसाठी ठरलं होतं, कारण भाड्याची तारीख चुकवून चालत नाही आणि त्याची कमाई तारखेला बांधलेली नसते. त्या सोयीचा असा काही अर्थ निघेल हे कुणाच्या डोक्यात होतं?

इतकं झाल्यावर वाटलं, सुटलं. मूल माझ्याकडे, प्रमुख मी, तो सिंगल. पण त्याचं रिटर्न भरायला आम्ही जवळच्या लायब्ररीत गेलो. तिथे दर वर्षी व्हिटाचे स्वयंसेवक बसतात. परीक्षा देऊन आलेली माणसं, बहुतेक निवृत्त, फुकट रिटर्न भरून देतात. 1969पासून देशभर हा उपक्रम चालू आहे. त्या वर्षी साधारण 67,000 डॉलरच्या आतल्या उत्पन्नासाठी ही सोय होती. तो आरामात बसत होता, मी थोडक्यात हुकत होते. आमच्या वाट्याला आलेल्या बाई आधी शाळेत गणित शिकवायच्या. त्यांनी त्याला वर्षाचा नफा विचारला. 31,200. मग चष्मा वर करून माझ्याकडे बघत म्हणाल्या, ‘मूल यांच्या रिटर्नवर घालून बघितलंत का?’

नव्हतं बघितलं. मला वाटत होतं की ज्याचं उत्पन्न जास्त त्यालाच मूल मिळतं. तो नियम आहे, पण दोघांनीही मूल दाखवलं तर लागू होणारा. मूल दोघांबरोबर सारखंच राहिलं असेल तर मग ज्याचं उत्पन्न जास्त त्याचं. दोघांपैकी एकाने दाखवायचंच नाही असं आपसांत ठरवलं तर दुसरा खुशाल दाखवू शकतो. 501मध्ये जवळजवळ आमच्यासारख्याच घराचं उदाहरण दिलेलं आहे, लग्न न झालेले आई-बाप आणि एक मूल, सगळे एका छपराखाली. अट एकच, मूल अख्खं जातं. चाइल्ड टॅक्स क्रेडिट एकाला, हेड ऑफ हाउसहोल्ड दुसऱ्याला, अशी वाटणी चालत नाही. ज्या फॉर्मवर सही करून आई बापाला क्रेडिट देऊ शकते तो वेगळे राहणाऱ्यांसाठी असतो. एकत्र राहणाऱ्यांना ती सोय नाही. मूल त्याच्याकडे गेलं की मी प्रमुखपणातून खाली, सिंगल.

बाईंनी कागदावर दोन्ही बाजू मांडल्या. माझा पगार 68,000. लेक माझ्याकडे असली तर माझा कर निव्वळ 3,200. नसली तर 6,800. म्हणजे लेकीमुळे माझे 3,600 वाचतात. त्याचा प्राप्तिकर मुळात बाराशेच्या आत. पण लेक त्याच्याकडे गेली तर 2,000चं चाइल्ड टॅक्स क्रेडिट, त्यातून त्याचा कर शून्य होऊन उरलेले आठशे-साडेआठशे रोख परत, आणि वर अर्न्ड इन्कम क्रेडिट. हे कमी कमाईच्या कष्टकऱ्यांसाठी असतं, कर शून्य असला तरी हातात मिळतं. एका मुलावर त्या वर्षी जास्तीत जास्त 4,213 होतं, उत्पन्न वाढेल तसं घटत जाणारं. त्याच्या कमाईवर 3,200च्या आसपास बसत होतं. एकूण 5,200. घराचा फायदा सोळाशे डॉलरचा.

धंद्यावरचा त्याचा सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा कर वेगळा, तो दोन्हीकडे सारखाच, म्हणून त्यांनी बाजूला ठेवला. आणि मग, मास्तरीण बाईच त्या, तिसरा रकाना आखला: लग्न केलं असतं तर. दोघांचा मिळून प्राप्तिकर क्रेडिट वजा जाता 5,000च्या जरा आत. अर्न्ड इन्कम क्रेडिट गायब, कारण एकत्र उत्पन्न मर्यादेच्या कितीतरी वर. लेक त्याच्याकडे ठेवून न केलेल्या लग्नात दोघांचा मिळून 2,750. लग्नाचा भाव दर वर्षी सव्वादोन हजार डॉलर. जोडीदार हसून माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला म्हटलं, हे आईला सांगू नकोस.

पण बाई थांबल्या नाहीत. आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, ‘तुम्ही टेक्ससमध्ये राहता. तुमचं लग्न झालेलं नाही, हे नक्की ना?’

हा प्रश्न मला अपमानास्पद वाटला, दोन मिनिटंच. टेक्ससमध्ये भटजी, पाद्री, रजिस्टर काहीही नसताना लग्न होऊ शकतं. दोघांनी आपण नवरा-बायको आहोत असं आपसांत मान्य केलं, टेक्ससमध्ये तसे एकत्र राहिले, आणि लोकांत तसं सांगितलं, की झालं. सात वर्षं एकत्र राहिलं की लग्न लागतं असं इथे सर्रास बोलतात, त्यात तथ्य नाही. वर्षांची अटच नाही. मात्र तिन्ही गोष्टी हव्यात. आणि राज्याने विवाहित मानलं की प्राप्तिकर खातंही मानतं. मग सिंगलही नाही आणि आमच्यासारख्या एकत्र राहणाऱ्यांना हेड ऑफ हाउसहोल्डही नाही. वर टेक्ससमध्ये लग्नानंतरची कमाई दोघांची सामायिक धरतात, म्हणून वेगवेगळं भरायचं म्हटलं तरी दोघांची कमाई अर्धी अर्धी दाखवत बसा.

‘लोकांत तुम्ही एकमेकांची ओळख काय म्हणून करून देता?’ बाईंनी विचारलं.

मला गणपती आठवले. इथल्या मराठी मंडळाच्या आरतीला आई त्याला घेऊन गेली होती आणि भेटेल त्या काकूला सांगत होती, ‘हे आमचे जावई.’ तो बिचारा हात जोडून ‘नमस्कार, नमस्कार’ करत होता. जावई म्हणजे काय ते मी त्याला घरी आल्यावर सांगितलं, तेव्हा तो खूश झाला होता. बाईंना मी हे सांगितल्यावर त्या मनापासून हसल्या. आईच्या म्हणण्याने लग्न लागत नाही, म्हणाल्या, तुमचं दोघांचं काय ठरलंय ते महत्त्वाचं. पण कागद बघा. भाडेकरारावर काय लिहिलंय? नोकरीतल्या आरोग्यविम्यात यांना नवरा म्हणून घातलंय का?

विम्यात घातलेलं नव्हतं. एचआरच्या बाईंनी सुचवलं होतं की एका प्रतिज्ञापत्रावर सही करा, म्हणजे त्यालाही कव्हर मिळेल, इथे बरेच जण करतात. त्या प्रतिज्ञापत्रात आपण एकमेकांचे पती-पत्नी आहोत असं लिहून द्यायचं होतं. विम्याला नवरा आणि प्राप्तिकराला परका, हे मला जमण्यासारखं नव्हतं, म्हणून त्याने स्वतःचा वेगळा विमा घेतला होता. भाडेकरारावर मात्र ऑफिसातल्या मुलीने त्याच्या नावापुढे परस्पर ‘पती’ टाकलं होतं. सही करताना मी तिथे लक्षच दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी जाऊन ते बदलून घेतलं. ती मुलगी म्हणाली, सॉरी, तुम्ही अगदी नवरा-बायकोसारखेच भांडत होता.

लेकीच्या जन्मदाखल्यावर त्याचं नाव आहे, तेही आपोआप आलेलं नाही. आई-बाप अविवाहित असतील तर टेक्ससमध्ये पितृत्व मान्य करण्याचा वेगळा कागद दोघांनी सही करून द्यावा लागतो. तो आम्ही हॉस्पिटलातच केला. त्याची प्रत बाईंनी मागून घेतली, बालरोगतज्ज्ञाकडचा पत्ता असलेला कागदही बघितला. खात्याने विचारलं तर हे दाखवायला लागतं, म्हणाल्या, जपून ठेवा.

या भानगडीत दुसरीकडचे लोक आमच्यापेक्षा बरे आहेत असंही नाही. मिशिगनमध्ये लग्नाशिवाय एकत्र राहणं हा 1931च्या कायद्याने गुन्हा होता, आणि तो 2023पर्यंत पुस्तकात राहिला. पकडत कुणी नव्हतं. पण फेडरल करकायदा म्हणतो की नातं स्थानिक कायद्याच्या विरुद्ध असेल तर कमाई नसलेल्या जोडीदाराला अवलंबित म्हणून दाखवता येत नाही. म्हणजे पोलीस न आलेला गुन्हा रिटर्नवर येऊन बसायचा.

तर 2024ची लेक त्याच्या रिटर्नवर गेली. त्यासाठी मी तिला माझ्यावर न दाखवणं पुरेसं होतं, आणि नेमकं तेच त्याला खुपलं. ‘म्हणजे तू उद्या मनात आणलंस तर ती माझी नाही?’ मी म्हटलं, रिटर्नवर नाही. दोघांनी दाखवली असती तर ज्याचं रिटर्न मागून गेलं ते संगणकाने परत पाठवलं असतं, पुढे दोघांना पत्रं आली असती आणि शेवटी ती माझ्याकडे आली असती, कारण पगार माझा जास्त. हे वाक्य मी बोलले तेव्हा मला ते गणितासारखं वाटत होतं. त्याला तसं वाटलं नाही. दोन दिवस शेडमध्ये त्याचा मुक्काम जास्त होता.

मग आम्ही घरातला एक नियम केला. मूल ज्याच्या रिटर्नवर, त्याने दुसऱ्याचं जेवढं नुकसान झालं तेवढं भरून द्यायचं, उरेल ते लेकीच्या खात्यात. त्याचा रिफंड आल्यावर त्याने मला 3,600 दिले. सोळाशे लेकीचे.

त्याआधीच, 2024च्या नोव्हेंबरात, मी एक गोष्ट करून बसले होते. आई परत जाणार होती, लेक डेकेअरला जाणार होती, म्हणून नोकरीतल्या योजनेत पुढच्या वर्षासाठी पाच हजार करमुक्त बाजूला टाकले होते. ती योजना मूल माझ्या रिटर्नवर असेल तरच लागते. नसेल तर तो पैसा परत पगारात धरून कर घेतात. शिवाय 2025मध्ये त्याला एका बिल्डरकडून सलग काम मिळालं, नफा पंचेचाळीस हजारांपर्यंत गेला आणि अर्न्ड इन्कम क्रेडिट झरझर खाली आलं. चाइल्ड टॅक्स क्रेडिट 2,200 झालं होतं, ते कुणीही घेतलं तरी तेवढंच. मी तेच तीन रकाने आखले. या वेळी लेक माझ्याकडे ठेवण्यात हजाराच्या वर फायदा निघाला. त्याने रकाने दोनदा तपासले. चूक सापडली नाही.

नियमाप्रमाणे मी त्याचे साडेतीन हजार द्यायला निघाले. तो म्हणाला, रोख नको, शेडचं भाडं भर. मी लगेच कबूल केलं. शेडचं भाडं घर चालवण्याच्या खर्चात येत नाही, हे आता त्यालाही पाठ आहे. ‘आणि यंदापासून घराचं भाडं मी भरतो,’ तो पुढे म्हणाला, ‘विजेचं बिल तू बघ.’

मी म्हटलं, नफा असाच राहिला तर बघू.